महिन्यापूर्वीचा साधा कोविड आणि आज आयसीयू : एमआयएस-ए मध्ये नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक असेल तर लक्षात येईल. भाऊ ३२ वर्षांचा, धडधाकट, कसलंही औषध चालू नव्हतं. पाच आठवड्यांपूर्वी दोन दिवस कणकण आणि घसादुखी झाली, कोविडची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि चौथ्या दिवशी तो कामावरही गेला. त्यानंतर सगळं सुरळीत असताना एकदम १०३ ताप, पोटात दुखणं, जुलाब. तिसऱ्या दिवशी डोळे लाल आणि अंगावर पुरळ, पाचव्या दिवशी बीपी पडलं आणि आयसीयू. आधी गॅस्ट्रो म्हणाले, मग अपेंडिक्सची शंका, मग सेप्सिस (जंतुसंसर्ग अंगभर भिनून अवयव ढेपाळणं). भरती झाल्यावर चौथ्या दिवशी कोणीतरी ‘एमआयएस-ए’ हे नाव घेतलं, तेव्हा इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचं पंपिंग ३५ टक्के होतं. आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या अँटीबॉडींचं शिरेतून देण्याचं औषध) आणि स्टेरॉइड दिल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. आता तो घरी आहे, गोळ्या चालू आहेत, आणि तुम्ही विचारताय : विषाणू परत उसळला होता का, डॉक्टरांनी चार दिवस वाया घालवले का, हृदय कायमचं अधू झालं का, स्टेरॉइड कधी थांबवायचं, आणि हे पुन्हा होईल का.

प्रश्न पाच आहेत, पण त्यांचं मूळ एकच आहे. जो आजार येऊन गेला, तोही सर्दी-पडशासारखा, त्याच्यापायी महिनाभराने माणूस मरणाच्या दारात कसा जातो? हे एकदा उलगडलं की बाकीची बरीचशी उत्तरं त्यातूनच निघतात. मी फाइल पाहिलेली नाही, भावाला तपासलेलं नाही. त्यामुळे त्याच्या गोळ्यांबद्दल शेवटचा शब्द त्याच्या डॉक्टरांचाच. मी सांगते ते अशा रुग्णांना सांभाळताना माझा विचार कसा चालतो ते.

तर पहिली गोष्ट : विषाणू परत आला नव्हता. एमआयएस-ए, म्हणजे मोठ्या माणसांमधला मल्टिसिस्टीम इन्फ्लमेटरी सिंड्रोम, हा कोविडचा दुसरा हल्ला नाही. संसर्गानंतर साधारण दोन ते बारा आठवड्यांत, बहुतेकदा चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या आसपास, शरीराचीच संरक्षण यंत्रणा भडकते. त्या वेळी नाकातल्या नमुन्याची आरटीपीसीआर बऱ्याच जणांत निगेटिव्ह असते, अँटीबॉडी मात्र भरपूर सापडतात. म्हणजे शत्रू निघून गेलेला आहे आणि सैन्य अजून गावातच गोळीबार करतंय. हृदयाचा स्नायू, आतडी, त्वचा, डोळे, रक्तवाहिन्यांचं अस्तर, सगळ्यांना एकदम सूज येते. म्हणून नावात ‘मल्टिसिस्टीम’.

असं का होतं याचं पूर्ण उत्तर अजून हाती आलेलं नाही, पण धागे मिळालेत. मुलांमधल्या याच आजारात (त्याला एमआयएस-सी म्हणतात) टी-पेशींचा (संरक्षण करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) एक विशिष्ट गट प्रमाणाबाहेर वाढलेला दिसतो. २०२४ मध्ये आणखी एक दुवा सापडला : आजारी मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांत अशा अँटीबॉडी होत्या, ज्या विषाणूच्या एका प्रथिनाच्या तुकड्याला आणि शरीरातल्याच एसएनएक्स-८ नावाच्या प्रथिनाला सारख्याच लागू पडत होत्या. चेहरा मिळताजुळता म्हणून भलत्यालाच पकडावं तसं. पण हा मुलांमधला निष्कर्ष आहे आणि तोही एका तृतीयांशापुरता, मोठ्यांना तो जसाच्या तसा चिकटवायला मी तयार नाही. ‘त्याची प्रतिकारशक्ती कमी होती म्हणून झालं’ असं तुम्हाला कोणी ऐकवलं असेल, तर ते मात्र मनातून काढून टाका. इथे यंत्रणा कमी पडत नाही, ती थांबायचं विसरते.

थोडा इतिहास सांगते, कारण चार दिवस का लागले याचं अर्धं उत्तर त्यात आहे. १९६७ मध्ये तोमिसाकु कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञाने ५० मुलांचं वर्णन केलं : ताप, लाल डोळे, पुरळ, फुटलेले ओठ, सुजलेल्या गाठी. तोच पुढे कावासाकी आजार म्हणून ओळखला गेला. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधल्या बालरोगतज्ज्ञांना कावासाकीसारखी दिसणारी पण शॉकमध्ये जाणारी मुलं दिसायला लागली. दक्षिण लंडनमधल्या अशा आठ मुलांची नोंद मे महिन्यात प्रसिद्ध झाली. मोठ्या माणसांतही हे होतं हे अधिकृतपणे पुढे यायला ऑक्टोबर उजाडला, तेव्हा अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २७ प्रौढांची माहिती एकत्र छापली. म्हणजे बालरोगतज्ज्ञ हे चित्र ५० वर्षं ओळखत होते, आम्ही मोठ्यांचे डॉक्टर मात्र ते कधी शिकलोच नव्हतो. ताप, लाल डोळे आणि पुरळ घेऊन आलेल्या पाच वर्षांच्या मुलाला पाहून बालरोगतज्ज्ञाच्या डोक्यात पहिल्या मिनिटाला जे येतं, ते ३२ वर्षांच्या पुरुषाला पाहून माझ्या डोक्यात यायला वेळ लागायचा. सीडीसीच्या व्याख्येत २१ वर्षं पूर्ण झाली की ‘सी’चं ‘ए’ होतं. कागदावर रेघ कुठेतरी ओढावी लागते. आजार काही कोणाचा वाढदिवस बघून येत नाही.

आता तुमच्या मनातला सगळ्यात बोचरा प्रश्न. चार दिवस वाया गेले का?

एका रुग्णाची गोष्ट सांगते. पस्तिशीचा माणूस. रात्री अकराला आमच्या सर्जनचा फोन आला, ‘पोट उजव्या बाजूला दुखतंय, पांढऱ्या पेशी वाढल्यात, अपेंडिक्स काढायला घेतोय. बीपी जरा कमी आहे, भूल द्यायच्या आधी एकदा बघून जा.’ मी गेले. बीपी ८४/४८, नाडी १३०, ताप १०२. तीन लिटर सलाइन देऊन झालं होतं आणि चौथी बाटली लावत होते. डोळे लालबुंद, पण चिपाडं नाहीत, पापण्या चिकटलेल्या नाहीत, आणि बुबुळाच्या भोवती बारीकशी पांढरी कड शिल्लक. ओठ फुटलेले. मानेची शीर टरटरून वर आलेली. पाठीला स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजूंना खाली बारीक चरचर. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये अपेंडिक्स सुजल्याचा उल्लेखच नव्हता. आतड्याची भिंत जाड झालेली, आसपासच्या गाठी वाढलेल्या, पोटात थोडं पाणी.

मी विचारलं, ‘कोविड झाला होता का?’ त्याने मान हलवली, नाही. मी पुढच्या प्रश्नाकडे वळणार एवढ्यात दाराशी उभी असलेली बायको म्हणाली, ‘मला झाला होता, महिन्यापूर्वी. ह्यांचं फक्त एक दिवस अंग दुखलं.’

तिथे चित्र पालटलं. इकोचं मशीन पलंगाशी ओढून आणलं. डावा कप्पा आकुंचन पावत नव्हता, नुसता थरथरत होता. ऑपरेशन रद्द केलं, सलाइन बंद, बीपीसाठी नॉरअ‍ॅड्रिनलीन सुरू. ती चौथी बाटली गेली असती तर फुप्फुसांत पाणी भरून त्याला व्हेंटिलेटर लागला असता असं मला आजही वाटतं. त्या दिवसापासून ‘कोविड झाला होता का’ हा प्रश्न मी त्या शब्दांत विचारत नाही. ‘गेल्या दोन-तीन महिन्यांत घरात किंवा कामावर कोणाला सर्दी-ताप झाला होता का’ असं विचारते, आणि रुग्णाबरोबर आलेल्यांनाही विचारते. या आजारात ज्यांचा मूळ संसर्ग कळलाच नाही असे लोक कमी नाहीत.

पण या गोष्टीवरून तुमच्या भावाच्या डॉक्टरांना चुकीचं ठरवू नका. ताप आणि पडलेलं बीपी घेऊन माणूस येतो तेव्हा पहिल्या तासात तो सेप्सिसच धरायचा असतो. रक्ताचं कल्चर (जिवाणू उगवतात का हे पाहण्याची तपासणी) घ्यायचं, अँटिबायोटिक सुरू करायचं आणि मग विचार करत बसायचं. कारण जिवाणूंचा सेप्सिस अनेक पटींनी जास्त आढळतो आणि त्यात अँटिबायोटिकला झालेला उशीर जीव घेतो. कल्चरमध्ये काही उगवलं नाही हे ठामपणे म्हणायला दोन दिवस जातात. दरम्यान डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, लेप्टो, स्क्रब टायफस ही सगळी मंडळी रांगेत असतात आणि प्रत्येक जण थोडाथोडा सारखा दिसतो. डेंग्यूमध्येही ताप, पुरळ, पोटदुखी, पडलेल्या प्लेटलेट आणि शॉक. स्क्रब टायफसमध्ये काखेत, जांघेत, स्तनांखाली चावल्याची काळी खपली शोधावी लागते आणि ती सापडली नाही तरी मी शंका असेल तर डॉक्सिसायक्लिन देते. टॉक्सिक शॉक सिंड्रोम (जिवाणूंच्या विषामुळे होणारा शॉक) तर एमआयएस-ए चा जुळा भाऊ म्हणावा इतका सारखा. औषधांची तीव्र अ‍ॅलर्जी, प्रौढांमधला स्टिल्स आजार (ताप, पुरळ आणि सांधेदुखीचा एक आजार), आणि एचएलएच (संरक्षण यंत्रणा बेफाम होण्याचा आणखी एक आजार), ज्यात फेरिटिन हे रक्तातलं लोह साठवणारं प्रथिन कधी कधी पाच आकडी होतं, यांचाही विचार करावा लागतो.

म्हणून हे निदान एका तपासणीने होत नाही, आणि चौथ्या दिवशी ते नाव घेतलं गेलं हे सरसकट उशिराचं लक्षण नाही. माझ्या मनात काटा कधी सरकतो ते सांगते. ताप तीन दिवसांच्या वर गेलाय, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) खूप चढलंय, योग्य अँटिबायोटिक चालू असून ढिम्म फरक नाही, कल्चर कोरी आहेत आणि एकाहून जास्त अवयव एकदम कुरकुरतायत. यात दोन-सहा आठवड्यांपूर्वीचा संसर्ग जोडला की मी पुढची तपासणी म्हणून इको त्याच तासाला करते, सकाळची वाट पाहत नाही. भरतीच्या दुसऱ्या दिवशीच इको केला असता तर बरं झालं असतं का? कदाचित. पण तो ‘कदाचित’ फाइल न बघता बोलणं अन्याय्य आहे.

रिपोर्टबद्दल दोन-तीन खाचाखोचा, कारण तुम्ही रिपोर्टांचे फोटो साठवून आकडे ताडून पाहताय असं लिहिलंय. प्रोकॅल्सिटोनिन ही रक्ततपासणी वाढली म्हणजे जिवाणूच, असा समज आहे. एमआयएस-ए मध्ये जिवाणू नसतानाही ते चांगलंच वाढतं. आम्ही स्वतः यात फसलो आहोत. फेरिटिन वाढलेलं असतं, पण ते शेकडो आजारांत वाढतं, एकट्या त्याच्यावरून निदान करणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. लिम्फोसाइट कमी, न्यूट्रोफिल जास्त (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार), प्लेटलेट दीड लाखाच्या खाली, डी-डायमर (रक्त गोठण्याची खूण) वर, ट्रोपोनिन आणि बीएनपी (हृदयावरच्या ताणाच्या खुणा) वर, हा सगळा घोळका एकत्र दिसला तर वजन येतं. अँटीबॉडीची तपासणी २०२० मध्ये फार उपयोगी होती. आता जवळपास प्रत्येकाला लस तरी मिळालीय किंवा संसर्ग तरी होऊन गेलाय, त्यामुळे स्पाइक (विषाणूच्या काट्याचं प्रथिन) अँटीबॉडी पॉझिटिव्ह येण्यात काही विशेष नाही. स्पाइकवर आधारलेल्या लशींनंतर न्यूक्लिओकॅप्सिड (विषाणूच्या आतलं प्रथिन) अँटीबॉडी येत नाही, ती फक्त संसर्गाने येते, पण कधीच्या संसर्गाने हे तीही सांगत नाही. आणि हा नमुना आयव्हीआयजी द्यायच्या आधी घ्यावा लागतो. आयव्हीआयजी म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या अँटीबॉडींचा अर्क. तो टोचल्यानंतर तपासणी केली तर आपण रुग्णाच्या नव्हे, रक्तदात्यांच्या अँटीबॉडी मोजत असतो. भावाची ही तपासणी आयव्हीआयजीनंतर झाली असेल तर त्या आकड्याचा काहीही अर्थ लावू नका.

याच कारणाने पुढचे काही आठवडे ईएसआर या सूज मोजणाऱ्या दुसऱ्या तपासणीकडेही दुर्लक्ष करा. आयव्हीआयजीनंतर तो खोटाच वाढलेला दिसतो. सूज उतरतेय का हे सीआरपीवरून पाहायचं. शिवाय आयव्हीआयजीनंतर क्वचित लाल पेशी फुटतात, विशेषतः रक्तगट ए, बी किंवा एबी असेल तर. घरी आल्यावर तो फारच फिका पडला किंवा लघवी गडद झाली तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

उपचारांकडे येते. मोठ्यांच्या एमआयएस-ए साठी चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेली नीट चाचणी झालेली नाही. आजारच इतका दुर्मीळ की पुरेसे रुग्ण एका वेळी जमत नाहीत. आम्ही मुलांच्या अनुभवावर आणि कावासाकीच्या जुन्या शिदोरीवर चालतो. मुलांमध्येही २०२१ साली दोन मोठी निरीक्षणं एकाच वेळी प्रसिद्ध झाली आणि दोघांची तोंडं दोन दिशांना : एक म्हणतं आयव्हीआयजीसोबत स्टेरॉइड दिलेलं हृदयासाठी बरं, दुसरं म्हणतं आयव्हीआयजी, स्टेरॉइड किंवा दोन्ही, फारसा फरक दिसला नाही. म्हणून तुमच्या ओळखीच्या कोणाला नुसत्या स्टेरॉइडवर बरं केलं असेल तर तेही चूक नाही आणि भावाला दोन्ही दिलं तेही जास्तीचं नाही. हृदय ३५ टक्क्यांवर असताना मीही दोन्ही दिलं असतं. दोन्ही देऊन ताप हटला नसता तर अ‍ॅनाकिन्रा, इन्फ्लिक्सिमॅब यांसारखी सूज दाबणारी औषधं असतात, त्याला त्यांची गरज पडली नाही.

‘आयव्हीआयजी दोन दिवसांत विभागून का दिलं, एकदम का नाही’ हे तुम्ही खटकल्यासारखं लिहिलंय. उलट ते मला आवडलं. हिशोब करून बघा. मात्रा किलोमागे २ ग्रॅम. ७० किलोच्या माणसाला १४० ग्रॅम. १० टक्क्यांचं द्रावण असेल तर हे झाले १.४ लिटर, ५ टक्क्यांचं असेल तर २.८ लिटर. पंपिंग निम्म्यावर आलेल्या हृदयावर एवढं पाणी एका बैठकीत ओतणं म्हणजे चढावर थकलेल्या बैलाच्या गाडीत आणखी पोती टाकणं. थांबत थांबत, फुप्फुसं ऐकत, गरज पडली तर लघवीचं इंजेक्शन देत ते देतात. कोणीतरी तिथे डोकं शांत ठेवून बसलं होतं.

आणि सोबत अँटिबायोटिकही चालू ठेवलं होतं, ‘एक तर संसर्ग असेल नाहीतर नसेल, दोन्ही कसं देतात’ हा तुमचा मुद्दा. तर्क म्हणून बरोबर, पलंगाशेजारी मात्र तो टिकत नाही. कल्चरचा निकाल हाती येईपर्यंत दोन्ही शक्यता जिवंत असतात आणि कुठलीही एक सोडून देण्याची किंमत फार असते. निकाल कोरा आला की अँटिबायोटिक थांबवायचं, तसं त्यांनी केलेलंही दिसतंय.

इथवरचं थोडक्यात : विषाणू परत आला नव्हता, शरीराची प्रतिक्रिया भडकली होती. निदान तारखांच्या हिशोबावर आणि इतर आजार वगळण्यावर होतं, म्हणून वेळ जातो. उपचाराची दिशा मला योग्य वाटते. आता पुढचं, म्हणजे जे तुमच्या हातात आहे ते.

हृदय. सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२१ रुग्णांच्या एकत्रित आढाव्यात ६० टक्के लोकांचं बीपी पडलं होतं, ५४ टक्क्यांत हृदयाचं काम मंदावलं होतं, ५७ टक्के आयसीयूत गेले आणि ७ टक्के दगावले. निम्मे रुग्ण २१ किंवा त्याहून कमी वयाचे, ७० टक्के पुरुष. आकडे भीतीदायक आहेत, पण अशा आढाव्यांत छापण्याजोगे, म्हणजे गंभीर रुग्ण जास्त जमा होतात हे ध्यानात ठेवा. तुमच्या भावाने त्यातला सगळ्यात धोक्याचा टप्पा ओलांडलाय. सूज उतरली की स्नायू सहसा झपाट्याने सावरतो, साध्या हार्ट अटॅकसारखा त्याचा भाग मेलेला नसतो. माझ्या रुग्णांत बहुतेकांचं पंपिंग काही दिवसांत ते काही आठवड्यांत ५० च्या वर आलेलं मी पाहिलंय. वर सांगितलेल्या अपेंडिक्सवाल्याचं सहाव्या दिवशी ४८ होतं, दीड महिन्याने ६०.

तरी ‘आकडा सुधारला’ आणि ‘हृदय पूर्ववत झालं’ यांत फरक आहे. स्नायूत बारीक व्रण राहिला असेल तर इकोत तो दिसत नाही, त्यासाठी कार्डिअ‍ॅक एमआरआय लागतो, आणि तो व्रण व्यायामाच्या ताणाखाली ठोके बिघडवू शकतो. म्हणून मायोकार्डायटिसचा (हृदयाच्या स्नायूच्या सुजेचा) नियम इथेही लावतात : तीन ते सहा महिने धावणं, जिम, स्पर्धात्मक खेळ बंद. चालणं, घरातली हलकी कामं चालतील. परत खेळायला सोडण्याआधी इको, ईसीजी, २४ तासांचा होल्टर (अंगावर बांधून ठेवायचा ईसीजी) आणि ट्रेडमिल चाचणी बघतात, एमआरआय कोणाला करायचा ते पंपिंग किती पडलं होतं, ट्रोपोनिन किती होतं यावर ठरतं. भाऊ दर रविवारी फुटबॉल खेळतो असं लिहिलंय. त्याला बरं वाटायला लागेल साधारण तिसऱ्या आठवड्यात आणि तेव्हाच तो गुपचूप बूट चढवेल. माझी खरी काळजी ती आहे. पहिल्या इकोत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुगल्या आहेत का हेही पाहिलं होतं का, हे विचारून घ्या. मुलांमध्ये ते हटकून बघतात, मोठ्यांच्या रिपोर्टमध्ये बऱ्याचदा त्याचा उल्लेखच नसतो. इको डिस्चार्जनंतर एक-दोन आठवड्यांनी आणि पुन्हा साधारण सहा आठवड्यांनी व्हायला हवा.

स्टेरॉइड. तुम्हाला त्याची धास्ती आहे आणि नेटवर वाचून ‘लवकरात लवकर बंद करायचं’ असं ठरवलंय. तसं करू नका. डॉक्टरांनी दर काही दिवसांनी गोळी कमी करत दोन-तीन आठवड्यांत थांबवायचा तक्ता दिला असेल, तोच पाळा. एकदम थांबवलं तर दबलेली सूज उफाळू शकते, आणि मात्रा मोठी व दिवस जास्त झाले असतील तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही त्या क्षणी पुरेसं तयार होत नसतं. गोळी सकाळी, खाल्ल्यानंतर. रात्री घेतली तर झोप उडते. भूक राक्षसी लागेल, चिडचिड होईल, चेहरा थोडा सुजेल, हे सगळं उतरतं. साखर मात्र तपासा, मधुमेह नसलेल्यांचीही चढते. मात्रा कमी करताना ताप परत आला तर दोन शक्यता : आजार डोकं वर काढतोय, किंवा स्टेरॉइडमुळे खरोखरच एखादा संसर्ग झालाय. घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघण्याची ही वेळ नव्हे. त्याच दिवशी सीआरपी आणि तपासणी. तसंच धाप, छातीत दुखणं, छाती धडधडणं, चक्कर येऊन पडणं, पायांवर सूज किंवा काळी शौच, यातलं काहीही झालं तर थेट इमर्जन्सी.

पुन्हा होईल का? पुन्हा झाल्याच्या नोंदी फारच थोड्या आहेत. मुलांमध्ये एमआयएस-सी होऊन गेल्यावर परत कोविड झाला तरी बहुतेकांना हा आजार परत झाला नाही. ओमायक्रॉननंतर आणि लसीकरणानंतर एकूण प्रमाणही खूप घटलं. लशीबद्दल : सीडीसीचा सल्ला असा की प्रकृती आणि हृदयाचं काम पूर्ण पूर्ववत झालेलं असावं आणि निदानाला किमान ९० दिवस झालेले असावेत, मग डॉक्टरांशी बोलून ठरवावं. मी याच चौकटीत राहते, आणि ज्यांचं हृदय गुंतलं होतं त्यांच्याशी घाईने नव्हे, बसून बोलते. दुसरी एक लस लोक विसरतात. एवढ्या मात्रेत आयव्हीआयजी मिळाल्यानंतर गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांच्या जिवंत लशी ११ महिने पुढे ढकलाव्या लागतात, कारण रक्तदात्यांच्या अँटीबॉडी त्यांचा परिणाम खाऊन टाकतात. तुमच्या भावाला परदेशी शिकायला जाण्यासाठी लशींचं प्रमाणपत्र लागणार आहे असं म्हणालात, तर ही तारीख आत्ताच लिहून ठेवा.

घरात दोन लहान मुलं आहेत म्हणून त्याला वेगळ्या खोलीत ठेवलंय, तेही थांबवा. एमआयएस-ए कोणाला लागत नाही, आणि मूळ संसर्ग पाच आठवड्यांपूर्वीच संपलाय. मुलांना त्याच्याजवळ बसू द्या. फक्त स्टेरॉइड चालू असेपर्यंत त्यांच्यापैकी कोणाला सर्दी-ताप आला तर चार दिवस लांब, कारण आता धोका मुलांकडून त्याला आहे, त्याच्याकडून मुलांना नाही.

पुढच्या भेटीला जाताना डिस्चार्ज कार्ड, पहिल्या आणि शेवटच्या इकोचा रिपोर्ट, आयव्हीआयजीच्या बाटल्यांच्या नोंदीचं पान आणि स्टेरॉइडचा तक्ता एवढं सोबत घ्या. पंपिंगचा नवा आकडा आणि धमन्यांबद्दल काय म्हणाले ते इथे लिहिलंत तर व्यायामाचं पुढचं वेळापत्रक कसं ठरवतात ते मी सविस्तर सांगेन. तोवर बूट तुमच्या कपाटात ठेवा.